डब्यावरचं नाव राहू दे, आतला साचा बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिलं कार-मॉडेल जोडून झालं, पण लाल प्लास्टिकच्या बॉडीवर मारलेला पांढरा रंग दोन दिवसांत गुलाबी पडला आणि टपावर केसासारख्या भेगा आल्या. आता दुसरं किट घ्यायचंय. एक जपानी १/२४ (म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं), एक अमेरिकन १/२५ आणि एक युरोपियन १/२४ अशा तीन डब्यांत जीव अडकलाय, तर कुठली कंपनी चांगली? आणि शेवटी जाता जाता लिहिलंस, की निपाणीत वखारीपुढं उभी असायची ती आजोबांची जुनी जीप एक दिवस करायची आहे.

शेवटची ती ओळ नसती तर चार वाक्यांत उत्तर दिलं असतं. ती आहे म्हणून सविस्तर लिहितो.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एकतीस वर्षं पॅटर्नमेकर होतो. फौंड्रीत ओतकाम होण्याआधी सागवानी लाकडाचा जो नमुना लागतो, तो करायचा हे माझं काम. त्यावरून वाळूत साचा उठतो आणि साच्यात लोखंड ओततात. प्लास्टिकची किटं मी पन्नाशीनंतर हातात धरली. पहिला डबा उघडल्यावर माझ्या तोंडून निघालं, "अरे, हे तर आपलंच काम की!" सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिला जगभर लोक स्प्रू म्हणतात, पण जपानी मंडळी तिला रनर म्हणतात आणि आमच्या फौंड्रीच्या भाषेत तेच बरोबर. स्प्रू म्हणजे वरून धातू ओतायची उभी नळी, तिथून आडवा धावतो तो रनर, आणि रनरमधून भागात शिरायचं दार म्हणजे गेट. तू कटरनं जे तोडतोस ते गेट. हे सांगण्याचं कारण एवढंच, की मी किटाकडे गाडी म्हणून नंतर बघतो, आधी साच्यातून निघालेला माल म्हणून बघतो. तूही तसंच बघायला शीक.

कंपनीचं म्हणशील तर त्या नावावर फार भरवसा ठेवू नकोस. पोलादी साचा ही महाग वस्तू आहे. एकदा केला की कंपन्या तो चाळीस-पन्नास वर्षं चालवतात, विकतात, भाड्यानं देतात, नवं चित्र लावून नव्या डब्यात घालतात. रेव्हेल आणि मोनोग्राम या दोन अमेरिकन कंपन्या १९८६ मध्ये एकत्र आल्या, त्यानंतर मोनोग्रामचे जुने साचे रेव्हेलच्या डब्यातून येऊ लागले. एएमटी आणि एमपीसी ही दोन्ही जुनी अमेरिकन नावं आज राउंड टू या एकाच कंपनीकडे आहेत. रेव्हेलची मालक कंपनी २०१८ मध्ये बुडाली आणि नाव जर्मन गुंतवणूकदारांकडे गेलं. म्हणजे डब्यावर 'रेव्हेल' लिहिलेलं असलं तरी आत सत्तरच्या दशकातला अमेरिकन साचा निघेल किंवा हल्लीचा जर्मन साचा निघेल, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून घ्यायच्या आधी 'स्केलमेट्स' या संकेतस्थळावर किटचा क्रमांक टाक. तो साचा मूळचा कुणाचा, कुठल्या वर्षीचा आणि किती डब्यांतून फिरून आलाय याची वंशावळ तिथं मिळते. मुलगी बघायला जाताना घराण्याची चौकशी करतात, तेवढी तरी कर.

आता स्केल. १/२४ म्हणजे फुटाला अर्धा इंच. फूटपट्टीवर काम करणाऱ्याला सोपं, म्हणून ते रुळलं. १/२५ ची गोष्ट वेगळी. अमेरिकेत मोटारीचे विक्रेते गिऱ्हाइकांना दाखवायला, वाटायला नव्या गाडीची छोटी प्रतिकृती ठेवायचे, त्या बहुतेक १/२५ असत. त्याच साच्यांवरून पुढं जोडायची किटं निघाली. एएमटीनं १९५८ मध्ये 'एकात तीन' अशी किटं काढली; एकाच डब्यातून साधी गाडी करा, सजवलेली करा, नाहीतर शर्यतीची करा. म्हणून अमेरिकन डब्यात आजही दोन-तीन प्रकारची चाकं आणि निम्मे जादा भाग निघतात. ते फेकू नकोस, डबीत भरून ठेव.

१/२४ आणि १/२५ यांत फरक साधारण चार टक्के. चार मीटर लांबीची गाडी एकात १६७ मिलिमीटर भरते, दुसऱ्यात १६०. कपाटात दोन वेगळ्या गाड्या शेजारी ठेवल्यास कुणाच्या बापाला कळत नाही. पण तीच गाडी दोन्ही स्केलमध्ये शेजारी ठेवलीस, किंवा एकाचं इंजिन दुसऱ्यात बसवायला गेलास, की लगेच नडतं. दिवाळीत किल्ला करतोस ना? दरवाजापेक्षा मावळा उंच आणि बुरुजापेक्षा महाराज मोठे, तरी किल्ला छानच दिसतो, कारण तिथं भाव मोठा. कारच्या मॉडेलात डोळा तेवढा दिलदार नसतो.

मोजण्यावरून माझी एक फजिती सांगतो. मी फोक्सवॅगन बीटलचं १/२४ किट आणलं होतं. खऱ्या बीटलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतलं अंतर, २४०० मिलिमीटर. म्हणजे मॉडेलमध्ये बरोबर १०० यायला पाहिजे. हिशेबाला याहून सरळ गाडी नाही. मी पट्टी लावली तर ९९ भरले. पुन्हा मोजलं, पुन्हा ९९. चार दिवस मी त्या कंपनीच्या नावानं बोटं मोडत होतो. चौथ्या दिवशी घरातून आवाज आला, "अहो, ही तुमची कामावरची पट्टी आहे ना?" बघतो तर खरंच. ओतलेलं लोखंड थंड होताना शंभरात सुमारे एक इतकं आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी मुळातच तेवढी ताणलेली असते. ती श्रिंकेजची पट्टी घेऊन मी प्लास्टिकची गाडी मोजत होतो! किट बिचारं अचूक होतं. तेव्हापासून मॉडेलच्या टेबलावर साधा व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची सरकपट्टी, ठेवतो आणि कुठल्याही किटाला शिव्या घालण्याआधी हातातलं मोजमाप तपासतो.

अर्थात सगळंच व्हर्नियरनं ठरत नाही. टामिया या जपानी कंपनीनं १९७६ मध्ये पोर्शे ९३४ चं १/१२ मॉडेल काढलं, तेव्हा कंपनीनं एक खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी करून बघितली होती. एवढं बारकाईनं बघणारी माणसंसुद्धा मॉडेल करताना कुठं रेष जाड करतात, कुठं टप कणभर बसकं घेतात. कारण आपण खरी गाडी उभ्यानं बघतो आणि मॉडेल वरून बघतो. ह्याला मी चूक म्हणत नाही. मूर्तिकारही उंच बसणाऱ्या मूर्तीचं डोकं थोडं मोठं करतोच की.

तुलना कशी करायची यासाठी माझी एक युक्ती आहे. लोक मॉडेलचा फोटो मोबाइल अगदी नाकाजवळ नेऊन काढतात, त्यात बोनेट फुगतं, मागचा भाग लहान दिसतो, आणि मग म्हणतात किटचा आकार चुकला. खरी गाडी सहा मीटरवरून बघितली, तर १/२४ मॉडेल पंचवीस सेंटिमीटरवरून बघायचं. सहाला चोवीसनं भागून बघ. उभ्या माणसाचे डोळे साधारण एकशे साठ सेंटिमीटरवर असतात, म्हणजे मोबाइलची लेन्स टेबलापासून साडेसहा-सात सेंटिमीटर उंचीवर. एवढं साधून फोटो काढ आणि खऱ्या गाडीचा तसाच काढलेला फोटो शेजारी ठेव. पहिल्यांदा बघायचं ते पुढच्या काचेची चौकट आणि तिच्यावरून टपाकडे जाणारी रेष. गाडीचा चेहरा तिथं असतो. तिथं चुकलेलं किट पुढं कितीही बारकावे असले तरी परकं दिसतं. त्यानंतर चाक मडगार्डाच्या कमानीत किती खोल बसलंय ते. हे दोन जमले की बाकीचं मी माफ करतो.

डबा उघडल्यावर मी गोंदाला हात लावत नाही. आधी बॉडी उजेडाकडे तिरकी धरून फिरवतो. साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथं बारीक उंचवटा राहतो, ती पार्टिंग लाइन. मोटारीच्या बॉडीसाठी बाजूनं सरकणारे साचे लागतात, त्यामुळं ही रेष मडगार्डांच्या माथ्यावरून, टप धरणाऱ्या मागच्या खांबावरून जाते, म्हणजे नेमकी चकाकी पडणार तिथूनच. खऱ्या गाडीवर ती नसते. चाकूच्या धारेनं हलकेच खरवड, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं पाणी लावून, मग ८००. नवशिके ती ठेवतात आणि रंगावर रंग मारत बसतात. दुसरं, जाड भागाच्या पाठीमागं खळगा पडलाय का बघायचं. प्लास्टिक थंड होताना आत ओढलं जातं, त्याची ती खूण. तिसऱ्या त्या गोल टिकल्या, साच्यातून माल बाहेर ढकलणाऱ्या पिनांच्या. त्या सीटच्या खाली असतील तर सोड, दाराच्या आतल्या अंगाला असतील तर भर. साचा म्हातारा झाला की कडांना पापुद्रे येतात. आम्ही त्याला फिन म्हणायचो, किटवाले फ्लॅश म्हणतात. पापुद्रा दिसला म्हणून किट टाकाऊ ठरत नाही, फक्त फेटलिंगचं, म्हणजे कडा घासून साफ करायचं काम वाढतं. मला ते काम आवडतं, तुला आवडेल का ते तुझं तू ठरव.

मग कागदी टेपनं नुसतं चिकटवून बॉडी, चासी, आतला सीटांचा टब आणि काचा एकमेकांत बसवून बघायच्या. यात किटाची लायकी कुठं कळते म्हणशील तर बॉडी चासीवर उतरताना. चांगला साचा टिचकन बसतो. वाईट साचा पुढं बसवला की मागं उचलतो, आणि रंग झाल्यावर दाबायला गेलास तर खांबच मोडतो. माझा दोन वेळा मोडलाय.

जपानी किटांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेव. टामिया, हासेगावा, फुजिमी आणि आओशिमा या चारही कंपन्या शिझुओका या एकाच भागातल्या. आपल्याकडं बेळगावात जशी एकाला लागून एक फौंड्री उभी राहिली, तसंच. पण चौघींची तऱ्हा वेगळी. सत्तर-ऐंशीच्या दशकांतली बरीच जपानी किटं पोरांनी बॅटरीवर पळवावीत म्हणून केलेली होती. त्यामुळं गाडी उलटी केलीस तर खाली सेलची पेटी, बटणाची खाच आणि मधे सपाट पत्रा दिसतो, इंजिनाचा पत्ताच नसतो. फुजिमी आणि आओशिमाच्या जुन्या साच्यांत हे अजून सापडतं. उलट त्याच फुजिमीनं ऐंशीच्या दशकात 'एन्थुझिअस्ट' नावाची मालिका काढली, त्यात पोर्शेचं इंजिन, गिअरबॉक्स, चासीचा पत्रा न् पत्रा वेगळा. इतके सुटे भाग, की जोडणाऱ्याची सत्त्वपरीक्षा. एकाच कंपनीत ही दोन टोकं आहेत, आणि तू मला कंपनी कुठली चांगली विचारतोस!

अमेरिकन १/२५ किटात बहुधा पूर्ण इंजिन मिळतं, बोनेट उघडतं, जोडायला मजा असते, पण भाग एकमेकांशी भांडतात. जुन्या किटांतले मऊ टायर आणखी एक खोडी करतात. त्यातलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि टायर ज्याला टेकला असेल ते प्लास्टिक वितळवतं. वर्षांनी डबा उघडला तर काचेवर टायरची नक्षी. म्हणून टायर आल्याबरोबर वेगळ्या पिशवीत घाल, आणि चाकाच्या रिंगला आतून रंगाचा एक हात देऊन मगच टायर चढव. क्रोमचे भाग फार चकचकीत, खेळण्यासारखे दिसत असतील तर कपड्यांच्या ब्लीचमध्ये बुडवून ठेव. ती चमक म्हणजे अॅल्युमिनियमचा नुसता थर असतो, थोड्या वेळात उतरतो. भांडं प्लास्टिकचं घे आणि खिडकी उघडी ठेव.

आता तुझा गुलाबी रंग. लाल प्लास्टिकमधला रंगद्रव्याचा अंश थिनरमध्ये विरघळून वर येतो. पांढऱ्या कपड्याबरोबर लाल ओढणी भिजवल्यासारखं. पुढच्या वेळी लाल बॉडी असेल तर आधी चंदेरी रंगाचा पातळ हात मार, त्यावर प्राइमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा तळाचा थर, त्यावर पांढरा. किंवा पांढरी गाडी करायची तर पांढऱ्या प्लास्टिकचंच किट घे. भेगांचं कारण वेगळं. तू बहुतेक मोटारीच्या रंगाच्या दुकानातला स्प्रे सरळ प्लास्टिकवर मारलास. तो रंग पत्र्यासाठी असतो, त्यातलं थिनर पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लास्टिकला खातं. रंगाच्या दुकानातल्या एनसी थिनरमध्ये किटचा तुकडा टाकून बघ, घटकेत चिकट होतो. म्हणजे हा रंग वापरूच नये असं मी म्हणत नाही. मी स्वतः डेंटिंग-पेंटिंगवाल्यांच्या दुकानात कोड सांगून रंग मिसळून आणतो, परदेशी बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. पण खाली प्राइमर पाहिजे, आणि पहिले दोन हात नुसते धुक्यासारखे, ओले न होऊ देता. त्याआधी बॉडी भांडी घासायच्या साबणानं धुऊन वाळव, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेलकट काहीतरी अंगावर असतं.

रंगाची जाडी हाही स्केलचाच प्रश्न आहे. तू अर्धा दशांश मिलिमीटर रंग चढवलास तर १/२४ मध्ये तो खऱ्या गाडीवर सव्वा मिलिमीटरच्या लिंपणासारखा होतो. खऱ्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असतात. म्हणून दाराच्या फटी बुजतात आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसते. रंगाआधी प्रत्येक फटीत चाकूची पाठ दोन-तीनदा हलकी फिरवून ती खोल करून घे. चंदेरी-सोनेरी रंगातले कणही मोठे पडतात. खऱ्या गाडीचा मेटॅलिक रंग मॉडेलवर रवा शिंपडल्यासारखा दिसतो, तिथं मॉडेलसाठीचाच बारीक रंग घ्यावा लागतो.

आपल्याकडचा पाऊस तुला सांगायला नको. जून ते सप्टेंबर मी बेळगावात लॅकर मारत नाही. हवेतला दमटपणा रंगात अडकतो आणि पृष्ठभाग दुधाळ होतो. खानापूरच्या बाजूला तर कपडेच वाळत नाहीत, रंग कुठला वाळतोय? त्या चार महिन्यांत इंजिनं जोडायची, सीटांना ब्रशनं रंग द्यायचा, फटी घासायच्या. फारच घाई असेल तर खोक्यात चाळीस वॅटचा पिवळा बल्ब लावून त्यात भाग उबदार ठेव; बल्ब भागापासून वीतभर तरी लांब, नाहीतर टप पापडासारखं वळेल. मार्चमध्ये उलट त्रास. ही लाल धूळ कुठूनही येते. फरशीवर पाणी शिंपडायचं, पंखा बंद, आणि लोकरीचं काही अंगात नको. एवढं करूनही एखादा कण बसतोच. तो ओला असताना बोट लावू नकोस. आठवड्यानं २००० च्या पेपरनं पाण्यात घासून पॉलिश केलास की जातो.

एका बाबतीत मात्र माझं ऐकच. मोटारीवरचं हार्डनर घातलेलं टू-पॅक क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, फार सुंदर चमकतं, पण त्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसाला बाधतात, आणि एकदा बाधले की पुढं थोड्यानंही दमा उठतो. रुमाल बांधून ते मारायचं नाही. वाफेचे कार्ट्रिज असलेला मास्क घे, गच्चीवर किंवा मोकळ्या पडवीत मार, आणि घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर तो नाद सोड. फौंड्रीत सिलिकाच्या धुळीनं खोकणारी माणसं मी बघितलीत, म्हणून बोलतोय.

गोंदाचं सोपं आहे. प्लास्टिकला प्लास्टिक जोडताना पातळ विरघळवणारा सिमेंट, ब्रशनं फटीत सोडायचा, तो आपोआप आत ओढला जातो. फेविक्विक फक्त धातूला किंवा रेझिनला. काचेजवळ तर अजिबात नको, त्याच्या वाफेनं काच आतून पांढरी धुरकट होते. बॉडी बंद केल्यावर ते कळलं तर डोक्याला हात लावायची पाळी. काचांना साधा पांढरा फेविकॉल, टाचणीच्या टोकावर घेऊन. वाळल्यावर पारदर्शक होतो आणि बिघडलं तर निघतोही.

किमती का एवढ्या, हेही तू विचारलंस. स्केल मॉडेल आणि खेळणी सीमाशुल्काच्या एकाच रकान्यात येतात. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. शिवाय २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचा शिक्का लागतो. मोठ्या माणसाच्या छंदाची वस्तू पोराच्या खुळखुळ्याबरोबर मोजली जाते, त्याला आपण काय करणार? त्यामुळं तीन स्वस्त किटं घेऊन तिन्ही अर्धवट टाकण्यापेक्षा एक घे आणि ते पूर्ण कर.

कुठलं? तुझ्या तीन डब्यांतलं जपानी १/२४ घे, एका अटीवर: त्याचा साचा नव्वदनंतरचा असला पाहिजे आणि बॉडी पांढऱ्या प्लास्टिकची. त्यात इंजिन नसेल तर उत्तमच. दुसऱ्या मॉडेलला इंजिनाची गरज नाही, तुला बॉडी, रंग आणि काचा यांवर हात बसवायचाय. अमेरिकन डबा तिसऱ्या खेपेला घे. तोवर न बसणारा भाग बसवून घ्यायची तुझ्या हाताला सवय झालेली असेल. युरोपियन डब्याचं मी आत्ता काहीच म्हणत नाही, आधी त्याची वंशावळ काढ. आणि पैसे जमले तर पुढं एकच गाडी दोन कंपन्यांची घेऊन शेजारी शेजारी जोड, भाग क्रमांकानुसार नाही तर आधी दोन्ही बॉड्या, मग दोन्ही चासी असं. दहा लेख वाचून कळणार नाही ते त्या महिन्याभरात कळतं. माझ्या कपाटात दोन बीटल तशाच उभ्या आहेत. येणारा प्रत्येक जण लांबून एकीकडेच बोट दाखवतो, आणि ती महागातली नव्हे.

आता जीप. आजोबांची जीप जुन्या उंच बोनेटची असेल, तर ती विलीज या अमेरिकन कंपनीच्या सीजे-थ्रीबी या नमुन्याची, जी महिंद्रानं आपल्याकडं वर्षानुवर्षं बनवली. इंजिनाचे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर आल्यानं इंजिन उंच झालं, म्हणून बोनेटही वर गेलं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीचं १/२४ किट इटालेरी या इटालियन कंपनीचं मिळतं. दोन्हींचा व्हीलबेस एकच, ८० इंच म्हणजे २०३२ मिलिमीटर; १/२४ मध्ये ८४.७. म्हणजे चासी, चाकं, आक्सल, स्प्रिंगा तशाच वापरता येतात. १/३५ चं किट स्वस्त आणि सहज मिळेल, पण त्यात हेच अंतर ५८ मिलिमीटर. तुझ्या बाकीच्या गाड्यांशेजारी ती जीप नाही, जीपचं पिल्लू दिसेल.

बदलायचं बरंच आहे. बोनेट आणि समोरची जाळी उंच करायची. युद्धातल्या जीपची पुढची काच दोन भागांची, सीजेची एकसंध. युद्धातलीची स्टेपनी मागं, सीजेची बाजूला, आणि सीजेला मागं खाली पडणारी फळी. सगळ्यात चुकण्यासारखी गोष्ट म्हणजे स्टिअरिंग. किट डावीकडचं आहे; आजोबांची गाडी उजवीकडची असेल, तर डॅशबोर्ड, पेडल, स्टिअरिंगचा दांडा सगळं पलीकडं न्यावं लागेल. त्यासाठी परदेशी प्लास्टिक शीट मागवू नकोस. दह्याचे, आइस्क्रीमचे जे कडक कप असतात त्यांच्या बुडाला त्रिकोणात ६ आकडा असेल तर ते पॉलिस्टायरीनच, किटच्याच गोंदानं चिकटतं. रनरचा तुकडा मेणबत्तीवर धरून मऊ झाला की ओढ, त्याची तार होते. टपाच्या सळ्या आणि ब्रेकच्या नळ्या त्यातून निघतात.

आधी एक खात्री कर. नंतरच्या बऱ्याच महिंद्रा जीपांचा व्हीलबेस ८० इंचांपेक्षा लांब आहे, आणि आपल्या भागात तर माणसं बसवायला मागून बॉडी वाढवलेल्या जीपा कमी नाहीत. गाडी अजून कुठं उभी असेल, परसात, गॅरेजमागं, नाहीतर कुणी घेतली असेल त्याच्या शेतात, तर जाऊन टेप लाव. चाकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी, कारण जुन्या गाडीत दोन बाजू सारख्या भरतीलच असं नाही. बोनेटच्या कडेपासून मडगार्डापर्यंतची उंची, जाळीतल्या फटींची संख्या, काचेच्या चौकटीची लांबी-रुंदी. टेप दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांग, एकट्यानं लोंबकळतो. गाडी राहिली नसेल तर घरातला जुना फोटो शोध. त्यात चाक सरळ बाजूनं दिसत असेल तर टायरच्या मापावरून बाकीचं काढता येतं, ते मी करून देतो. बोनेट कितीनं वर घ्यायचं त्याचा लाकडी नमुनाही मी कोरून ठेवीन, सागाचे तुकडे अजून माळ्यावर आहेत. पावसाच्या आधीचा एखादा रविवार धरून बेळगावला ये, आणि रंग कुठला होता ते आजीला विचारून ये. फोटोतला हिरवा कधीच खरा नसतो.